पारसिकच्या तोंडाशी, साडेपाच वाजता

माझ्या लघुरेल्वेसाठी ठाण्याजवळच्या पारसिकच्या डोंगराचा साचा मी दातांच्या मसाल्याने घेतला. कॅप बसवण्याआधी डॉक्टर जी सिलिकॉनची पुट्टी दाढेवर दाबून माप घेतात, तीच. दोन डब्यांतला मसाला सारखा काढायचा, बोटांनी मळायचा, दोन रंगांचा एक रंग झाला की दाबायचा आणि घट्ट होईपर्यंत हलू द्यायचं नाही. मी डेंटल टेक्निशियन. मापं डॉक्टर घेतात, नौपाड्यातल्या माझ्या लॅबमध्ये येतात ते तयार साचे. तीस वर्षांत पहिल्यांदा मी स्वतः कुणाचं तरी माप घेतलं, आणि ते एका दगडाचं.

दगड मुठीएवढा होता. डोंगराच्या पायथ्याशी, रस्त्याच्या कडेला पडलेला काळा फत्तर, एका बाजूने नुकताच फुटलेला. फुटलेल्या बाजूवर बोट फिरवलं आणि अंगावर काटा आला, कारण ती बाजू म्हणजे रेल्वेच्या बोगद्याच्या तोंडावरचा अख्खा कडा होता. तीच आडवी भेग, तेच चौकोनी सुटलेले तुकडे, तीच मधेच तासल्यासारखी सपाटी. आपला फत्तर मोठा फुटला काय नि लहान फुटला काय, फुटायची तऱ्हा एकच. त्यामुळे सत्त्याऐंशीपट लहान कडा करायला सत्त्याऐंशीपट लहान हात लागत नाहीत. योग्य दगड सापडावा लागतो. साच्यात मी साधं प्लास्टर ओतलं नाही, डाय स्टोन ओतला. कॅपसाठी दाताची प्रतिकृती करतो तो टणक, बारीक दाण्याचा मसाला. साचा सोलून काढला तेव्हा दगडावरचं नखाएवढं शेवाळंसुद्धा उठलं होतं.

घरातली गॅलरी आम्ही पूर्वीच खिडक्या लावून बंद करून घेतली होती. तिच्यात आठ फूट लांब, अडीच फूट रुंद प्लायवूडची फळी मावली. त्या फळीवर माझी रेल्वे आहे. प्रमाण एकास सत्त्याऐंशी, म्हणजे पाच फूट सहा इंचांचा माणूस एकोणीस मिलिमीटरचा. हिशोब केला तर आठ फुटांत सव्वादोनशे मीटरसुद्धा बसत नाहीत. नऊ डब्यांची लोकल उभी केली तर टेबल जवळजवळ संपलंच. एवढ्याशा जागेत काय दाखवायचं हे ठरवायला मला चार महिने लागले, आणि शेवटी उत्तर एकच आलं: पारसिकच्या बोगद्याचं कळव्याकडचं तोंड.

१९९२ ते २००४ मी डोंबिवलीहून दादरला जात होतो. तिथे माझे उस्ताद होते, त्यांच्या लॅबमध्ये. फास्ट लोकल दिवा स्टेशन मागे टाकायची, आणि आवाज बदलायचा. दारातला वारा एकदम ओला, गार व्हायचा, कानाला दडा बसल्यासारखं व्हायचं, बोलणारे थांबायचे किंवा ओरडून बोलायचे. मग एकदम उजेड. जाऊन-येऊन दोन वेळा, बारा वर्षं. सात हजार वेळा तरी मी त्या डोंगराच्या पोटातून गेलो असेन. बोगदा साधारण १.३ किलोमीटरचा, १९१६ मध्ये सुरू झालेला. त्याआधीची, १ मे १८५४ रोजी कल्याणपर्यंत पोचलेली वाट डोंगराला वळसा घालून मुंब्र्यावरून जायची. स्लो लोकल अजून तिथूनच जातात. आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये ठाणे–दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली तेव्हा फास्ट लोकलसुद्धा मुंब्र्याच्या बाजूला वळल्या. बोगदा राहिला मेल-एक्सप्रेसना. म्हणजे आज डोंबिवलीहून रोज ठाण्याला येणाऱ्या एखाद्या मुलाला तो अंधार माहीतच नसणार. हे लक्षात आलं त्या दिवशी मी फळी आणायला गेलो.

सुरुवात मात्र चुकली. दुकानातून देखाव्याचं तयार पाकीट आणलं होतं. त्यात हिरवागार भुसा, तीन छटांचा स्पंज आणि वीस झाडं होती, सगळी सूचिपर्णी, उतरत्या फांद्यांची. बर्फ पडतो त्या देशातली. मी ती डोंगरावर लावून बघितली. एकेक झाड बारकाईने केलेलं होतं, कारागिरीत खोट काढायला जागा नव्हती. पण गॅलरीच्या दारातून बघितलं तर पारसिक कुठेच नव्हता. झाडं उपटली, भुसा खरवडून काढला. आणि मग जे काम मी रोज पोटासाठी करतो तेच इथे करायचं आहे हे ध्यानात आलं.

दाताचा रंग पांढरा नसतो. आमच्याकडे सोळा छटांची पट्टी असते, आणि त्या सोळातही खरा दात नेमका सापडेल असं नाही. हिरडीपाशी तो पिवळसर, मध्ये दुधी, टोकाला निळसर आणि आरपार. रंग जुळवायचा तो दिवसाच्या उजेडात, दात ओला असताना, आणि चटकन. पाच-सात सेकंदांवर बघत बसलं की डोळा फसतो, मग राखाडी कागदाकडे बघून डोळ्याला विसावा द्यायचा. मी रंगाच्या दुकानातून भिंतींच्या रंगांचं शेड कार्ड आणलं आणि जून ते ऑक्टोबर जमेल त्या रविवारी डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून ते समोर धरलं. लांबून बघणाऱ्याला वाटलं असेल, हा माणूस डोंगर रंगवायचं कंत्राट घेणार आहे. गवताचा रंग जूनच्या अखेरीस पोपटी होता, आणि त्यातून काळी माती दिसत होती. ऑगस्टमध्ये इतका गडद की डोळे निवावेत. सप्टेंबर संपता संपता बुडखा हिरवा, मधला देठ तांबूस आणि टोकं गव्हाळ. एका काडीवर तीन छटा, थेट दातासारख्या.

ह्या खेळात सगळ्यात अवघड निर्णय मला हाच वाटतो: महिना कुठला? वेळ कुठली? ‘पावसाळ्यातला डोंगर’ म्हणून चालत नाही. गवत सप्टेंबरचं, आकाश मे महिन्याचं आणि रूळ पावसात भिजलेले, असं झालं की बघणाऱ्याला चूक सापडत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे त्याला कळतं. मी ठरवलं: १९९४ सालचा सप्टेंबर, भाद्रपद संपत आलेला, संध्याकाळचे साडेपाच. सकाळपासून पाऊस नाही. खाडीला ओहोटी. कळव्याकडचं तोंड पश्चिमेला बघतं, म्हणजे त्या वेळी उतरतं ऊन सरळ दगडी कमानीवर. एकदा हे ठरलं आणि पुढचे शंभर प्रश्न आपोआप सुटले. सावल्या कुठे, माती किती ओली, लोकलचा रंग कुठला (पिवळा-तपकिरी), पाण्याची डबकी कुठे राहिलेली, कुठे सुकून नुसता डाग.

खडीचं सांगतो. रेल्वेची खडी मोठ्यात मोठी साडेसहा सेंटिमीटरची. सत्त्याऐंशीने भागलं तर पाऊण मिलिमीटर. दुकानात मिळते ती दुप्पट मोठी, रुळांत बटाटे टाकल्यासारखी दिसते. मी क्रशरची बारीक कच आणली, धुतली, वाळवली, आधी चहाच्या गाळणीतून आणि मग मलमलच्या कापडातून चाळली. वरचं मोठं टाकून द्यायचं, खालची धूळ टाकून द्यायची, मधलं ठेवायचं. ह्या कचीतून चुंबक फिरवणं फार गरजेचं, हे मला उशिरा कळलं. आपल्या फत्तरात लोहखनिज असतं. कागदावर कच पसरून चुंबक नेला तर त्याला काळी दाढी फुटते. तेच कण पुढे इंजिनाच्या मोटरमध्ये शिरतात आणि इंजिन बसतं. माझं एक असंच गेलं.

खडी चिकटवायला पाणी घातलेलं फेविकॉल. पहिल्या वेळी मी ते ड्रॉपरने सरळ सोडलं. थेंब खडीवर गोळी होऊन घरंगळले आणि जिथे पडले तिथे खड्डे झाले. दोन फूट रूळ चंद्रासारखा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाकला की पाण्याचा ताण मोडतो, मग ते खडीत गुपचूप उतरतं. आधी साबणाचं पाणी फवारायचं, मग गोंद. रात्रभर हात लावायचा नाही. सकाळी खडी दगडासारखी घट्ट, पण वरून सुटी दिसणारी.

आणि तिचा रंग. नवीन खडी निळसर राखाडी असते. जिथून रोज शेकडो गाड्या जातात तिथली खडी तांबूस होते, कारण ब्रेकच्या लोखंडाची बारीक भुकटी वर्षानुवर्षं तिच्यावर पडत राहते. रुळाच्या बाजूही गंजलेल्या, फक्त वरची पट्टी चकचकीत. विकत आणलेला रूळ सगळीकडून चांदीसारखा असतो. दोन्ही बाजूंना तपकिरी रंग हाताने लावायला मला एक आठवडा लागला, आणि त्या एका आठवड्याने जेवढा फरक पडला तेवढा पुढच्या सहा महिन्यांच्या कामाने पडला नाही. एक उणीव मात्र तशीच राहिली आहे. दुकानात मिळणाऱ्या रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर, परदेशातल्या १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी. आपला गेज १६७६. माझ्या प्रमाणात १९.३ व्हायला हवा. जवळपास तीन मिलिमीटरची चूक. कॅपच्या कडेला मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाची फट राहिली तर मी ती परत करतो, त्यामुळे हे मला रोज टोचतं. पण रूळ हाताने नव्याने बांधायला मी धजावलो नाही. गंज आणि खडी नीट झाली की नजर रुंदीवर जात नाही, एवढ्यावर समाधान मानलं.

माझे उस्ताद कवळी करताना म्हाताऱ्या माणसाचा तरुणपणचा फोटो मागायचे. मी नवा होतो तेव्हा एका निवृत्त शिक्षिकेची कवळी मी केली होती. दात सरळ, सारखे, मोत्यासारखे. बाई आठवड्याने परत आल्या. म्हणाल्या, “दात छान आहेत हो. पण माझे नाहीत.” उस्तादांनी फोटो बघितला, एक पुढचा दात किंचित वळवला, सुळ्याचं टोक घासलं, खालच्या दोन दातांत केसाएवढी फट ठेवली. बाईंनी आरशात बघितलं आणि डोळ्याला पदर लावला. कॅलिफोर्नियातल्या माँटेरे गावचे जॉन अॅलन, व्यवसायाने फोटोग्राफर, ह्यांनी लघुरेल्वेच्या बाबतीत हेच केलं. गाड्या खेळण्यासारख्या चकचकीत ठेवायच्या काळात त्यांनी त्यांच्यावर धूळ, काजळी, गंज चढवला, घरांचे पत्रे झिजवले. जानेवारी १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच आगीत त्यांची जवळजवळ सगळी रेल्वे जळाली. राहिले ते फोटो. ते फोटो बघताना मला त्या बाईंचा सुळा आठवतो.

कमानीचे दगड मी एकेक कोरले. लॅबमधल्या दात घासायच्या मशिनला बारीक बर, म्हणजे कोरायचं टोक, लावून सांधे काढले, मग काही दगडांचे कोपरे उडवले. कमानीच्या माथ्यावर काळा थर दिला, वाफेच्या इंजिनांच्या काळापासूनचा. त्याच्यावरून पाण्याचे पांढुरके ओघळ. हे ओघळ रंगवायचे ते वरून खाली, पाणी जातं त्याच दिशेने, आणि दगडाच्या प्रत्येक पुढे आलेल्या काठावर थांबत. पाण्यासारखा विचार करावा लागतो.

आता झाडं. आईची तुळस दर दोन-तीन वर्षांनी वाळते. वाळलेलं खोड, त्याला फुटलेल्या फांद्या, फांद्यांना मंजिऱ्या: हे एका डेरेदार झाडाचं हाडंन्‌हाड बरोबर असलेलं रूप आहे. मागायला मला संकोच वाटला. आई म्हणाली, “तिच्या लाकडाची माळ होते, मग झाड का नाही होणार? फक्त पायाखाली येईल असं ठेवू नकोस.” म्हणून तुळशीची झाडं टेबलाच्या मागच्या उंच बाजूला आहेत. पानांसाठी जुन्या गादीतला फोम मिक्सरमधून काढला, त्यासाठी वेगळं भांडं आणलं, आणि एकाच वेळी चार रंगांत रंगवला, कारण एका झाडाची सगळी पानं एका वयाची नसतात. मातीसाठी चहाचा चोथा, धुऊन उन्हात खडखडीत वाळवलेला. नीट वाळला नाही तर बुरशी येते. पहिल्या पावसाळ्यात माझ्या डोंगरावर खरीखुरी बुरशी उगवली होती.

बारीक गवत उभं करायला डास मारायची रॅकेट कामी येते. तिच्यातलं यंत्र काढून एक तार लोखंडी गाळणीला, दुसरी तार ओल्या गोंदात खोचलेल्या खिळ्याला. गाळणीत नायलॉनचे चार मिलिमीटरचे तंतू. बटण दाबून गाळणी हलवली की तंतू विजेच्या ओढीने सरळ उभे गोंदात रुततात. पहिल्यांदा ते झालं तेव्हा बायकोला आणि मुलीला हाक मारून दाखवलं होतं. पण चार मिलिमीटर म्हणजे आपल्या हिशोबात फूटभर गवत. पारसिकवरचं सप्टेंबरचं गवत पुरुषभर. त्यासाठी केरसुणीचे तुरे कातरले, टोकांना गव्हाळ, देठाला तांबूस रंग दिला, आणि चिमट्याने पाच-पाच काड्यांचे झुबके रोवले. किती रोवले ते मोजलं नाही. दोन गणपती त्यात गेले.

खाडीजवळचा कोपरा माझा सर्वांत लाडका. तिवराची झाडं चिखलातून वर पेन्सिलीसारखी मुळं काढतात, श्वासासाठी. वीतभर उंचीची, शेकड्याने, एकमेकांना न चिकटलेली. तार लावून बघितली, जाड दिसली. सुया लावून बघितल्या, फार सरळ. उत्तर लॅबच्या बेसिनवर होतं: झिजलेला टूथब्रश. त्याचे केस दोन-अडीच मिलिमीटरचे कापले, टोकं झिजून आधीच वाकडी झालेली, थोडी फाटलेली. नव्या ब्रशचे केस चालत नाहीत. हे केस चिखलात रोवताना ज्या मऊ, संथ आनंदात मी बुडालो होतो तो मला दुसऱ्या कुठल्या कामाने दिलेला नाही.

चिखलाच्या रंगाबद्दल मी हट्टाने काळा म्हणत होतो. पुलावरून तसाच दिसतो. चेंदणी कोळीवाड्यातल्या एक मावशी आमच्याकडे मासे घेऊन येतात, त्यांनी वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “हा गटाराचा चिखल झाला. आमच्या खाडीचा ओला असतो तेव्हा निळा मारतो, आणि उन्हं कलली की त्याच्यावर रुपेरी पडतं.” मी दुसऱ्या दिवशी ओहोटीला जाऊन शेड कार्ड धरलं. निळसर राखाडी होता. पूर्ण चिखल पुन्हा केला. पाण्याच्या बारीक ओहळासाठी इपॉक्सी रेझिन ओतलं ते नेमकं जुलैत. हवेतल्या दमटपणाने त्याच्यावर दुधाळ साय आली. ठाण्यात रेझिन ओतायचं ते दिवाळीनंतर, आणि पातळ थरांत. एकदम जाड ओतलं तर तापतं आणि तडकतं.

इथे मला एक गोष्ट सरळ सांगायला हवी. तिवरं आणि बोगद्याचं तोंड प्रत्यक्षात शेजारी नाहीत. मध्ये अख्खं कळवं आहे, स्टेशन आहे, कारशेड आहे. माझ्या टेबलावर त्यांच्यात तीन फूट आहेत. हे खोटं मी समजून-उमजून केलं आणि त्याने मला बरेच दिवस झोप लागू दिली नाही. मग इंग्लंडातल्या पेंडन संग्रहालयाबद्दल वाचलं. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये तिकडे आला. व्हाइट हॉर्स खोऱ्यातली जुनी गवती छपरांची घरं डोळ्यांदेखत बदलताना, पडताना त्याने बघितली, आणि ती लहान प्रमाणात जपायचं त्याने ठरवलं. आयुष्य त्यात घातलं. लाँग विटेनम गावात ते संग्रहालय १९५४ पासून आहे. त्यांनी उभं केलेलं मुख्य गाव नकाशावर कुठेच नाही. पण त्यातली घरं खरी आहेत, खोऱ्यातल्या वेगवेगळ्या गावांतून मापं घेऊन केलेली. घर खरं, शेजार मनातला. माझाही दगड खरा, चिखल खरा, तिवर खरा. लोकलच्या दारात उभ्या माणसाच्या मनात खाडी आणि बोगदा लागूनच असतात. मधलं कळवं त्याने बघितलेलं असतं, पण साठवलेलं नसतं.

डोंगराच्या माथ्यावर मी चार घरं ठेवली आहेत, पत्र्याची. त्यांच्यावर फार विचार केला. गंजका पत्रा, निळं प्लॅस्टिक, टेकू दिलेली भिंत, हे सगळं करायला सोपं आणि दिसायला परिणामकारक असतं. पण माणसांचं गरीब घर हे नुसतं गंजाचं कौतुक करायची जागा होऊ नये असं मला वाटलं. म्हणून त्या घरांना गंज कमी दिला. एकाच्या दारात रंगाच्या डब्यात लावलेली तुळस आहे, एकाच्या दोरीवर शाळेचा पांढरा सदरा वाळतो आहे. चौथ्या घराच्या पत्र्यावर दगड ठेवलेत, वाऱ्यासाठी.

वरच्या मजल्यावर एक काका राहतात, निवृत्त मोटरमन. त्यांना मी काम बरंच झाल्यावर बोलावलं. ते आत आले, चष्मा काढला, पुसला, परत घातला. पहिलं वाक्य: “कारशेड कुठाय?” मी सगळं स्पष्टीकरण दिलं. त्यांनी मान हलवली, पटल्याची की न पटल्याची ते कळलं नाही. मग बराच वेळ वाकून वरच्या तारेकडे बघत राहिले.

“तार सरळ ओढलीस.”

“सरळच असते ना काका?”

“खालून बघणाऱ्याला. ती नागमोडी असते. एका खांबाला वीतभर डावीकडे, पुढच्या खांबाला वीतभर उजवीकडे. सरळ ठेवली तर टपावरच्या, तारेतून वीज घेणाऱ्या पँटोच्या पट्टीला एकाच जागी घासेल, खाच पडेल. तू बारा वर्षं खिडकीतून बघितलंस. आम्ही समोरून.”

वीतभर म्हणजे साधारण वीस सेंटिमीटर. माझ्याकडे सव्वादोन मिलिमीटर. तार काढली, परत ओढली, डावी-उजवीकडे. कुणाला सांगितल्याशिवाय दिसणार नाही. पण आता लोकल खालून जाते तेव्हा तिच्या डोक्यावर तार हळूच इकडून तिकडे सरकते, आणि ती गाडी पहिल्यांदाच कुठल्यातरी खऱ्या विजेवर चालल्यासारखी वाटते.

मुलीने एक युक्ती सुचवली. आपण उभं राहून बघतो म्हणजे एकोणीस मिलिमीटरच्या माणसाच्या हिशोबाने अडीचशे फुटांवरून. तिने फोन उलटा करून, कॅमेरा खाली येईल असा रुळांच्या शेजारी ठेवला. फोटोत तुळस वडाएवढी झाली. कमान अंगावर आली. त्याच फोटोत मला मागच्या आकाशाची चूक दिसली: मी ते निळं केलं होतं. ठाण्याचं सप्टेंबरचं संध्याकाळचं आकाश पिवळट पांढरं असतं, दमट, आणि दूरचं सगळं त्यात विरघळत जातं. जितकं लांब तितका रंग फिका आणि निळसर. पाठभिंत पुन्हा रंगवली. ह्या वेळी गॅलरीतल्या दिव्यांखालीच रंगवली, कारण एका उजेडात जुळलेला रंग दुसऱ्यात फसतो, हे तर माझ्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. लॅबच्या ट्यूबखाली जुळलेला दात उन्हात परका दिसतो.

काका आता आठवड्यातून दोनदा येतात. मागच्या महिन्यात ते म्हणाले, “दिवे बंद कर सगळे. फक्त ते उन्हाचे पिवळे ठेव.” मग खुर्ची ओढून टेबलाच्या टोकाशी बसले आणि बोगद्याच्या मागच्या बाजूने, जिथून मी गाडी आत सोडतो तिथून, डोळा लावून बाहेर बघायला लागले. मी विचारलं काय बघताय.

“संध्याकाळी व्हीटीकडे गाडी आणताना आम्ही आतून येणार, आणि ऊन बरोबर तोंडावर. आधी अंधारात एक लहान पांढरा ठिपका. तो मोठा मोठा होत जातो. बाहेर पडायच्या आधी दोन-चार सेकंद काही दिसत नाही, नुसते दोन रूळ चमकतात आणि भिंत डाव्या हाताला ओली लकाकते. रोज. रोज मला वाटायचं, हे मागे बसलेल्यांपैकी कुणाला दिसत नाही.”

मी वाकून बघितलं. पांढरा ठिपका होता. पण बोगद्याच्या आत मी काहीच केलं नव्हतं, नुसती प्लायवूडची पेटी, बाहेरून दिसत नाही म्हणून. लाकडाचा रंग उजेडात उघडा पडला होता.

त्या रात्री लॅबमधून डाय स्टोनची पिशवी घरी आणली. आता आतली दोन फूट भिंत चालू आहे, त्याच दगडाच्या साच्यातून, तुकडा तुकडा उलटसुलट लावून. काजळी कोळशाच्या भुकटीची. डाव्या बाजूला, कमरेएवढ्या उंचीच्या खाली, वॉर्निशचा ओला हात द्यायचा आहे. काकांना विचारलं, पाणी एकाच जागी ठिबकायचं की भिंतभर. ते डोळे मिटून बसले, हात हँडलवर असल्यासारखा मांडीवर ठेवला, आणि म्हणाले, “थांब. आधी ठिपका किती मोठा होता ते आठवू दे.”